बोसिल्काच्या गालावरच्या रेषा

पांचेवो गावात रादोय्काला सगळे 'रंगवाली' म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे. चित्रकथेच्या धंद्यात रंग भरणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. लिहिणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर, काढणाऱ्याचं त्याहून मोठं, आणि रंग भरणाऱ्याचं शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याजवळ, मुंगीच्या पावलाएवढं. पण रादोय्काचं नाव मात्र लोकांच्या लक्षात राहिलं, ते 'बोसिल्का'मुळे.

बोसिल्का ही तामिश नदीवरची नावाडीण. तिच्या होडीतून जिवंत माणसं जातात, मेलेली जातात, आणि कधीमधी पंख दुमडून, तोंड पाडून बसलेला एखादा ड्रॅगनही जातो. ती कोणाला घाबरत नाही, राजाला तर मुळीच नाही. युगोस्लाव्हिया एकसंध होता तेव्हा एका साप्ताहिकात ती काळ्या-पांढऱ्यात येत असे, आणि मंगळवारी ते साप्ताहिक मिळालं नाही की पोरं जेवत नसत. पुढे तिचं रंगीत पुस्तक निघालं आणि ते घरोघर गेलं. आज पन्नाशी-साठीत असलेल्या निम्म्या पुरुषांचं पहिलं प्रेम बोसिल्कावर जडलेलं आहे. दुधासारखी गोरी, सोनेरी वेणीची, हातात वल्हं घेतलेली बोसिल्का.

ती गोरी कशी झाली, हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. एक रादोय्का. दुसरा तिचा चित्रकार तिहोमिर, गोष्टही तोच लिहायचा, तो वीस वर्षांपूर्वी वारला. तिसरा संपादक, तो त्याच्याही आधी गेला.

रादोय्का तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, आणि तिच्या हाती आलेलं हे पहिलं मोठं काम होतं. त्या काळी हे काम कॉम्प्युटरवर होत नसे. काळ्या रेषा एका पारदर्शक फिल्मवर असत आणि त्याच पानाची फिकट निळी प्रत जाड कागदावर मिळे. रंग त्या निळ्या कागदावर भरायचे. वर फिल्म ठेवली की चित्र पुरं. तिहोमिर काविळीनं दवाखान्यात पडला होता. तिथूनच त्यानं रादोय्काला एक चिठ्ठी पाठवली. पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बोसिल्काची कातडी चेस्टनटच्या सालीसारखी. कपाळावर जरा तांबूस, कारण ती उन्हात असते. केस काळे. विसरू नकोस, ती आमच्या काठच्या रोमा वस्तीतली आहे.' म्हणून तर तो पहिल्या पानापासून तिच्या गालावर बारीक तिरप्या रेषा ओढत आला होता. काळ्या-पांढऱ्यात लोकांना ती सावली वाटे. ती सावली नव्हती, ती तिची कातडी होती.

रादोय्कानं चिठ्ठी संपादकाला दाखवली. संपादकानं ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "पोरी, हे पुस्तक बाहेरच्या देशांत विकायचंय. जिप्सीण बघायला कोण येणार? ती तर बाजारात फुकट दिसते. गोरी कर."

"पण गालावरच्या रेषा? खाली गोरा रंग दिला की त्या घाणीसारख्या दिसतील."

"मग काढ की. हात आहेत ना?"

तो माणूस काही राक्षस नव्हता. जाताना त्यानं तिला स्वतःच्या डब्यातला बुरेकही दिला, आणि तिनं तो खाल्ला.

फिल्मवरची रेषा ब्लेडनं खरवडून निघते. सेहेचाळीस पानांवर बोसिल्काचे दोनशे अकरा चेहरे होते. रादोय्कानं एकेका चेहऱ्यावरून ब्लेड फिरवलं, नाक-डोळ्यांना धक्का न लावता, भुकटी फुंकून टाकत. तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी ती दर चेहऱ्यापाशी थांबत होती. चौथ्या दिवसापासून ती काम करता करता गाणं गुणगुणायला लागली, आणि पुढे आयुष्यभर तिला खात राहिलं ते हे गुणगुणणं.

पुस्तक छापून आल्यावर तिहोमिर तिच्या टेबलाशी आला. आजारानं अर्धा झालेला. त्यानं पुस्तक उघडलं, पानं उलटली, एका मोठ्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. रादोय्का शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी होती. तो एवढंच म्हणाला, "ब्लेड कुठलं वापरलंस? हात फार सफाईदार आहे तुझा."

त्यानंतर त्यानं बोसिल्का काढली नाही. दुसऱ्यांच्या गोष्टींसाठी जहाजं आणि तोफा काढत राहिला.

रादोय्कानं लग्न केलं, नवरा गेला, बोटं आखडली, काम सुटलं. सेहेचाळीस पानांची ती गोष्ट मात्र सुटली नाही. मग पेर्सिदाची मुलगी तिच्या घरी यायला लागली.

पेर्सिदा बाजारात फुलं विकायची, अजूनही विकते. रोमा वस्तीतली, जिभेनं तिखट, मनानं राजा. शाळा सुटल्यावर पोरगी कुठे ठेवायची हा तिचा प्रश्न, आणि रादोय्काचं घर बाजाराच्या पाठीमागेच. फ्लोरिका तिच्या स्वयंपाकघरात बसून दूध प्यायची आणि 'बोसिल्का' वाचायची. पुस्तकाची शिवण सुटेपर्यंत वाचलं. मग केरसुणीचं वल्हं करून अंगणात होडी चालवायची आणि शेजारच्या मांजराला "उतर खाली, राजा असलास तरी उतर!" असं दटावायची. रादोय्का खिडकीतून बघायची आणि तिचा जीव थोडा थोडा व्हायचा. पोरीनं विचारलं तर सगळं सांगून टाकायचं, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं. पोरीनं कधी विचारलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर कशाला द्या, अशी रादोय्कानं मनाची समजूत घातली. अशा समजुती घालण्यात तिचा हात ब्लेडपेक्षाही सफाईदार होता.

फ्लोरिका मोठी झाली, बेलग्रेडला नाट्यशाळेत गेली, पास झाली. आणि गेल्या सप्टेंबरात एका दुपारी धाडकन दार उघडून आत आली, रादोय्काला कंबरेला धरून तिनं स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं.

"रादामावशी, मी बोसिल्का! मी! मालिका काढतायत, आठ भागांची, बाहेरची कंपनी आहे. तीनशे मुली होत्या आणि मला घेतलं!"

"सोड गं, पडेन मी! खरंच तुला?"

"खरंच मला. दिग्दर्शक म्हणाली, तू वल्हं धरलंस तेव्हाच ठरलं. म्हटलं, धरणारच, सातव्या वर्षापासून केरसुणी धरतेय."

रादोय्का हसली, रडली, चेरीची राकिया, घरची दारू, काढून दोघींनी घेतली. तीन दिवस ती हवेत होती. देवानंच चूक दुरुस्त केली, आता आपण तोंड उघडायची गरज उरली नाही, असं तिला वाटलं. हा विचार तिला इतका गोड लागला की चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात फ्लोरिकाचा फोटो आला आणि त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं, ते तिनं दोन दिवस वाचलंच नाही.

लोक खवळले होते. कोणी सभ्य भाषेत, कोणी गटारी भाषेत, पण म्हणणं एकच. पुस्तकाशी इमान राखा. बोसिल्का गोरी आहे, सोनेरी केसांची आहे, सगळ्या देशानं पाहिली आहे. हल्ली जिकडे तिकडे मुद्दाम रंग बदलायची फॅशन आली आहे, आमच्या बोसिल्काला तरी सोडा.

मुद्दाम रंग बदलायची फॅशन! खाई त्याला खवखवे. रादोय्कानं वर्तमानपत्राची घडी करून त्यात बटाट्याची सालं गुंडाळली.

ऑक्टोबरच्या सत्ताविसाव्या तारखेला संत पेत्काचा दिवस, रादोय्काच्या कुळाचा सण. या दिवशी कोणाला आमंत्रण धाडत नाहीत. येईल तो पाहुणा, आणि आलेल्याला कशालाच नाही म्हणायचं नसतं. मेणबत्ती लावलेली, साखर-अक्रोड घालून शिजवलेले गहू मांडलेले, वाइन ओतलेली. दुपारी डॉक्टर ओब्राद आले. हे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, आणि चित्रकथावेड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. पुस्तकाच्या एकोणीस प्रती बाळगून असलेला हा माणूस. मुलीचं नावही त्यांनी बोसिल्काच ठेवलेलं.

"रादोय्काबाई, गहू काय झालेत! माझी प्रॅक्टिस चालू असती तर म्हटलं असतं, असंच गोड करत जा, मला गिऱ्हाईक मिळेल."

"घ्या ना डॉक्टर, अजून घ्या. तुमचे स्वतःचे दात आहेत तोवर खाऊन घ्या."

बाकीचे पाहुणे हसले. डॉक्टरांनी ओठ पुसले आणि खिशातून कागद काढला. मालिकावाल्यांना पत्र होतं. त्यात एकही वाईट शब्द नव्हता. डॉक्टर तसे माणूस चांगले. 'मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहावे, पात्राचे रूप चित्रकाराने दिले तसेच ठेवावे' एवढंच. खाली चारशे सह्या होत्या आणि सगळ्यांत वर एक रिकामी ओळ.

"ही जागा तुमची. तिहोमिर गेले. आता त्या पुस्तकाचं जिवंत माणूस तुम्हीच. तुम्ही सही केलीत म्हणजे प्रश्नच मिटला."

"मी... मी काय, मी आपली रंगवाली."

"तेच तर! रंगाचंच भांडण आहे ना!"

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. सणाचा दिवस, दारी आलेला पाहुणा, भरल्या टेबलावर पुढे केलेलं पेन. 'चित्रकाराने दिले तसेच', हे शब्द तिनं तीनदा वाचले. त्या शब्दांना धरूनच सांगता आलं असतं, की डॉक्टर, चित्रकारानं दिलं होतं ते वेगळंच. पण मग लोक विचारणार, बदललं कोणी? आणि आणखी एक गोष्ट होती, सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवी. सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत आपलं नाव, शेवटच्या पानावर मुंगीएवढं नव्हे, हे तिला आवडलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. रादोय्काच्या भिडेला हावही येऊन मिळाली. तिनं सही केली. डॉक्टरांनी तिच्या हाताचं चुंबन घेतलं. ती वाइन वाढत फिरली आणि संध्याकाळपर्यंत यजमानिणीनं बसायचं नसतं या रिवाजाचे तिनं मनोमन आभार मानले, कारण बसली असती तर कोणीतरी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं असतं.

आठवड्यानं मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी सगळं गाव कबरींवर शेवंती घेऊन जातं. रादोय्का दर वर्षी फुलं पेर्सिदाकडूनच घ्यायची, नवऱ्यासाठी आणि तिहोमिरसाठी. या वर्षी ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला वळली, आणि मग स्वतःचीच लाज वाटून परत फिरली.

पेर्सिदानं तिला पाहिलं. गुच्छ बांधत राहिली.

"या रादाताई. मला वाटलं, आता पांढरी फुलं दुसरीकडून घेणार तुम्ही. तिकडची जास्त पांढरी असतात."

"पेर्सिदा, मी..."

"सही वाचली. इंटरनेटवर आहे, झळकतेय. पोरीनंच दाखवली मला. मला वाचता येतं थोडं, पण तिनं वाचून दाखवली. पहिलं नाव, म्हणाली, रादामावशीचं."

"ती कशी आहे?"

"कशी असणार? जेवत नाही. आरशासमोर बसते. मी म्हटलं, अगं, दुनिया भुंकते, भुंकू दे, होडी चालव. तर म्हणते, आई, दुनियेचं काही नाही गं." पेर्सिदानं दोरा दातानं तोडला. "तुमच्या घरचं दूध पिऊन मोठी झाली ती. एवढंच आठवतं मला सारखं. दूध गरम करून द्यायचात तुम्ही."

पेर्सिदानं तिचे दोन गुच्छ बांधून दिले, सहा-सहा फुलांचे. मेलेल्यांना सम फुलं द्यायची, जिवंतांना विषम, हे इथल्या लेकरालाही कळतं. मग तिनं बादलीतून आणखी दोन शेवंत्या काढल्या आणि रादोय्काच्या हातात दिल्या.

"ह्या कोणाला?"

"ह्या तुम्हाला," पेर्सिदा म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

रादोय्का तिथूनच फ्लोरिकाच्या घरी जाऊ शकली असती. दहा मिनिटांची वाट. ती गेली नाही. तिहोमिरच्या कबरीवर बसून तिनं ठरवलं, की आता सगळं सांगायचं. आणि मग हेही ठरवलं, की पुढच्या शनिवारी चित्रकथांचा मेळावा आहे, डॉक्टरांनी बोलायला बोलावलंच आहे, तेव्हा सगळ्यांसमोर सांगू, एकदाच, नीट. ऐकायला हे धैर्य वाटतं. खरं म्हणजे तिनं स्वतःला आणखी सात दिवस मिळवून दिले. त्या सात दिवसांत तिनं कपाट उपसून चिठ्ठी शोधली, काळा पोशाख इस्त्री केला आणि भाषण चार वेळा लिहून काढलं. फ्लोरिकाला फोन मात्र केला नाही.

मेळाव्यात सत्तरेक माणसं होती. डॉक्टरांनी तिची ओळख करून देताना डोळे पुसले. रादोय्का उभी राहिली आणि चार वेळा लिहिलेलं भाषण विसरली.

"बोसिल्का गोरी नव्हती," ती म्हणाली. "मी केली. ब्लेडनं. तिहोमिर दवाखान्यात होता. ही त्याची चिठ्ठी."

तिनं चिठ्ठी वाचून दाखवली. चेस्टनटची साल, उन्हानं तांबूस कपाळ, काळे केस, काठची रोमा वस्ती. पहिल्या रांगेतल्या एकानं मोबाइलवर सगळं टिपून घेतलं आणि तिथल्या तिथे जगाला दाखवलं. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे पस्तीस वर्षं आम्ही काय खोटं वाचलं?"

"हो," रादोय्का म्हणाली. "आणि त्या पत्रावर मी सही केली, तोही खोटेपणाच. ती मुलगी बरोबर आहे. तिहोमिरनं काढली होती ती तीच."

डॉक्टर ओब्राद खुर्चीत खचले होते. त्यांचा आवाज अगदी लहान आला. "बाई, मी मुलीचं नाव ठेवलंय हो तिच्यावरून."

"नाव चांगलंच आहे, डॉक्टर. नाव मी नाही बदललं."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी तिच्या हातातून चिठ्ठी घेतली, तिहोमिरचं अक्षर त्यांना पाठ होतं. शेवटी म्हणाले, "पत्र तर मी मंगळवारीच पाठवलं. पण आज दुसरं लिहितो. माझी सही पहिली." आणि तिथेच खिशातून पेन काढलं.

रादोय्का बाहेर पडली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिला इतकं हलकं वाटत होतं की ती जवळजवळ पळतच निघाली. वाटेत बेकरीतून गरम पोगाचित्से, छोटे खारे पाव, घेतले, फ्लोरिकाला आवडतात म्हणून. रागावेल, ती मनात म्हणाली, रागावू दे, ओरडू दे, पण काम वाचलं तिचं.

दार फ्लोरिकानं उघडलं. डोळे सुजलेले, पण चेहरा शांत. पेर्सिदा आत चुलीपाशी उभी होती; तिनं मान हलवली.

"ऐकलंस?" रादोय्कानं धापा टाकत विचारलं.

"ऐकलं. सगळ्यांनी पाठवलं." फ्लोरिकानं तिच्या हातातली पिशवी घेतली. "बसा, मावशी. पाणी देऊ?"

"पाणी राहू दे. आता त्यांना कळलं ना सगळं! डॉक्टर नवीन पत्र लिहितायत. आता कोणाची हिंमत आहे तुला काढायची?"

"मला कोणी काढलं नव्हतं."

"म्हणजे?"

"ते ठाम होते. चारशे सह्या आल्या तरी दिग्दर्शक म्हणाली, भुंकू दे. मीच गुरुवारी फोन करून नाही म्हटलं."

रादोय्का खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "का गं?"

फ्लोरिकानं आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाकीच्यांनी काय लिहिलं त्याचं मला काही वाटलं नाही. पण तुमची सही होती. मला वाटलं, मावशीचा माझ्यावर जीव आहे, ती उगाच नाही करणार. तिनंच रंगवलंय, तिला ठाऊक असणार. म्हणजे मीच चुकीची असेन. आणि ते पुस्तक... माझ्यामुळे ते बिघडावं असं नाही वाटलं मला."

"मग आत्ता कर फोन! आत्ता! सांग त्यांना..."

"आईनं लावायला लावला मघाशीच." ती खाली बघत बोलत होती. "काल सकाळी दुसऱ्या मुलीशी करार झाला. चांगली मुलगी आहे, ओळखते मी तिला. दिग्दर्शक रडली फोनवर. म्हणाली, दोन दिवस आधी कळलं असतं तर."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. दोन दिवस कशाला, सात दिवस आधी, दहा मिनिटांच्या वाटेवर रादोय्का हातात फुलं घेऊन उभी होती.

"पण अगदीच हात हलवत नाही पाठवलं," पेर्सिदा चुलीपाशी पहिल्यांदाच बोलली. "सांग ना हिला, काय दिलं ते."

"राहू दे, आई."

"सांग."

"पहिल्या भागात ती म्हातारी आहे ना, नदीकाठची चेटकीण, पोरं चोरणारी. मेकअप करून म्हातारी करतील मला. मी हो म्हटलं, मावशी. काम आहे शेवटी." फ्लोरिकानं पोगाचित्सेची पिशवी उघडून एक रादोय्कापुढे धरला. "ते म्हणाले, त्या कामासाठी मी अगदी पुस्तकातल्यासारखी दिसते."

रादोय्कानं तो हातात घेतला, पण खाल्ला नाही. ते खरं बोलले होते. अकराव्या पानावरची ती म्हातारी तिहोमिरनं त्याच तिरप्या रेषांनी काढली होती, आणि तिच्या रेषा काढून टाक असं संपादकानं सांगितलं नव्हतं. रादोय्कानं तिला चेस्टनटचा रंग दिला होता, चिठ्ठीत लिहिला होता तसाच, कपाळावर जरा तांबूस.